काटा मधोमध

अप्पांची गाडी पहिल्यांदा उकळली ती नेमकी त्यांच्याच कार्यालयाच्या फाटकासमोर. वेळ सकाळी दहाला पाच कमी. म्हणजे एरवी कधीही एकत्र न दिसणारं सगळं कार्यालय ज्या एका क्षणी फाटकाशी गोळा होतं, तो क्षण.

आधी बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली. मग आतून गुरगुर ऐकू आली, आणि नंतर गाडीच्या पोटाखालून हिरवट पाण्याचा एक ओघळ निघून रस्त्याच्या उतारानं ऐटीत चालू लागला. आता कोणाचीही जुनी गाडी कुठेही पाणी सोडू शकते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अप्पा पाणीपुरवठा खात्याच्या गळती-तक्रार विभागाचे मुख्य लिपिक होते. शहरातल्या यच्चयावत फुटक्या नळांना "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं कळवण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर अप्पांनी ते मनावर घेतलं नसतं. पण साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येक जण त्या ओघळावरून लांब टांग टाकून, चेहरा गंभीर ठेवून, "मदत हवीय का अप्पा?" असं विचारून आत गेला. साडेअकराला अप्पांच्या टेबलावर एका जागरूक नागरिकाची लेखी तक्रार आली : "आपल्याच कार्यालयाच्या फाटकासमोर पाणी वाहत असून खात्याचे लक्ष नाही." अप्पांनी तिला आवक क्रमांक दिला, दोन वेळा चष्मा पुसला, आणि उत्तर लिहिलं : "सदर गळती चौकशीअंती खासगी स्वरूपाची आढळून आली आहे."

संध्याकाळी गाडी ढकलत घरी आणली, तर दारात दुसरं पत्र वाट पाहत होतं. हे परिवहन कार्यालयाचं. गाडीला बावीस वर्षं पूर्ण झाली आहेत, तरी येत्या चोवीस तारखेला, साडेअकरा वाजता, ती तपासणीसाठी हजर करावी. सोबत धूर तपासणीचा दाखला आणावा. गाडी नालायक ठरल्यास नोंदणी रद्द होऊन ती मोडीत काढण्यात येईल. 'नालायक' हा शब्द त्यांनी ठळक छापला होता. अप्पांनी तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्या वेळी तो नक्की गाडीलाच उद्देशून आहे ना, अशी त्यांना शंका आली.

"भंगारात घालायची म्हणजे काय?" अप्पांची बायको एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला अप्पांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांच्या गुडघ्यांना आठवड्यातून तीन दिवस शहराबाहेरच्या व्यायाम केंद्रात न्यावं लागायचं, आणि ते काम बायको याच गाडीतून करायची. कार्यालयाचे उरलेले दोन दिवस गाडी अप्पांची. "आणि तापते कशी? माझ्याकडे तर ती–"

पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिना उतरून आले, आणि बायकोचं वाक्य तिथंच राहिलं.

मॅनेजर चाळीस वर्षं लोकांचे अर्ज नामंजूर करत आले होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत दोष कुठे आहे हे त्यांना वस्तू न बघता कळायचं. "रेडिएटर," ते म्हणाले. "आत क्षार साचलेत. शंभर टक्के." एवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी खिशातला छोटा टॉर्च काढून त्याचा उजेड रेडिएटरच्या तोंडात पाडला, आणि "आ" करायला सांगावं अशा नजरेनं बराच वेळ आत पाहिलं. "कीट आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षांचं दुर्लक्ष. वर्षातून दोनदा तरी साफ करायला हवं, पण लोक दुखल्याशिवाय येत नाहीत." यावर उपाय म्हणून त्यांनी व्हिनेगर सुचवलं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी व्हिनेगरच्या सहा बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या आणि गाडी अर्धा तास चालू ठेवली. त्यानंतर चार दिवस सगळ्या इमारतीला लोणच्याच्या बरणीत राहिल्यासारखं वाटत होतं. गाडी मात्र पूर्वीसारखीच, किंबहुना ताजीतवानी होऊन, पुढच्याच चौकात उकळली.

शेवटी अप्पांनी ती मिस्त्रीकडे ढकलत नेली. मिस्त्री माणूस शांत, दातात कायम आगपेटीची काडी. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "ताप हा आजार नसतो अप्पा. ते लक्षण असतं." अप्पांना ते फारच पटलं. मग त्यानं इंजिनाच्या एका कोपऱ्यातून एक पितळी बिल्ला बाहेर काढला. "हा थर्मोस्टॅट. म्हणजे झडप. इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवून धरते, गरम झालं की सोडते. हीच अडकत असणार. काढून टाकू. अडवणारंच कोणी नको."

हे ऐकून अप्पांना आत कुठेतरी लागलं. कागद गार असेपर्यंत अडवून धरायचा आणि वरून गरम झाला की सोडायचा, हेच तर ते सत्तावीस वर्षं इमानेइतबारे करत आले होते. अशा अवयवाशिवाय एखादी यंत्रणा चालू शकते, ही कल्पनाच त्यांना धोक्याची वाटली. पण चोवीस तारीख जवळ येत होती. झडप निघाली.

आणि काय आश्चर्य, गाडी तापायची थांबली. नुसती थांबली नाही, ती साफ गारठली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तळाशी जो आडवा झाला तो उठेचना. अप्पांनी विजयी मुद्रेनं ती घराजवळच्या धूर तपासणी केंद्रात नेली. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, आत एक यंत्र आणि यंत्रापेक्षा कमी बोलणारा एक माणूस. त्यानं नळी घातली, आकडे पाहिले आणि मान हलवली.

"नापास. इंजिन गार आहे."

"गार असणं हा काय गुन्हा झाला का?" अप्पा म्हणाले.

"गार इंजिन पेट्रोल नीट जाळत नाही. धूर जास्त येतो. गरम करून आणा."

जिन्यात ही हकिगत ऐकून मॅनेजर खूष झाले. "साधी गोष्ट आहे. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा. वाराच लागला नाही की होईल गरम." मॅनेजरांनी स्वतःच्या घरातलं धुलाई यंत्राचं खोकं आणून दिलं. बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, ऐका जरा. मी जेव्हा–" पण अप्पांच्या तोंडात मोजपट्टी होती आणि हातात तिचीच कात्री. "नंतर," ते मोजपट्टीसकट म्हणाले.

पुठ्ठा झकास बसला. अप्पांनी इमारतीभोवती बारा फेऱ्या मारल्या. तेराव्या फेरीला काटा उठून बसला, तेव्हा ते केंद्राच्या दिशेनं निघाले. तिथं पोचले तर पुढे तीन गाड्या. पहिली गेली, काटा मध्यावर आला. दुसरी गेली, काटा वर सरकला. तिसऱ्या गाडीच्या मालकाला सुट्टे मिळेनात. अप्पांचा नंबर लागला तेव्हा केंद्राची पत्र्याची खोली वाफेत दिसेनाशी झाली होती.

"काका," आतून आवाज आला, "हे जरा जास्तच गरम आहे."

"तुम्हीच म्हणालात गरम करून आणा!"

"गरम म्हणालो. उकळून नाही."

आता अप्पांचा संयम सुटला. सुटला म्हणजे काय, त्यांनी आवाज चढवला नाही. मुरलेला लिपिक संतापला की नियम मागतो. "नेमकं किती तापमान हवं, ते मला लेखी दाखवा." माणसानं भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर लिहिलं होतं : 'इंजिन कार्यकारी तापमानास असावे.'

"कार्यकारी म्हणजे किती?"

माणसानं थोडा विचार केला. "काटा मधोमध," तो म्हणाला.

मिस्त्रीनं काढलेली झडप डब्यातून शोधून पुन्हा बसवली, पुठ्ठा कचऱ्यात गेला, आणि त्या दिवसापासून अप्पांच्या आयुष्यात काटा मधोमध ठेवण्यापलीकडे दुसरं ध्येय उरलं नाही. ते रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत गाडी चालवू लागले. काटा जरा हलला की ते वेग कमी करत. इंजिनावर ताण नको, हा त्यांचा सिद्धांत. वेग कमी केला की काटा आणखी चढे, म्हणून ते वेग आणखी कमी करत. एका सकाळी तर फुटपाथवरून पायी जाणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना मागे टाकलं, आणि थोडं पुढे जाऊन, बरं नाहीये का असं विचारायला ते परत आले. अप्पांनी एक वही केली होती. तीत ते तारीख, वेळ, वेग आणि काट्याची स्थिती लिहीत. वही भरत आली, चोवीस तारीख दोन दिवसांवर आली, आणि धूर तपासणीचा दाखला काही मिळेना.

बावीस तारखेला अप्पा घरी आले तर टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली एक कागद होता. धूर तपासणीचा दाखला. पास.

"हा कुठून आला?"

"केंद्रातून," बायको म्हणाली. "आईला घेऊन येताना वाटेत थांबले."

"थांबलीस म्हणजे? मग काय झालं?"

"काय व्हायचंय? त्यानं नळी घातली, कागद दिला."

"काटा कुठे होता?"

"असतो तिथंच. मधोमध."

अप्पा खुर्चीत बसले. तीन आठवडे, सहा बाटल्या, एक पुठ्ठा आणि एक वही यांचं चीज अशा रीतीनं व्हावं, हे त्यांना झेपेना. "उद्या मी तुझ्याबरोबर येणार," ते म्हणाले. एखाद्या शाखेची अचानक तपासणी करायला जाणाऱ्या अधिकाऱ्याचा तो सूर होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा वही घेऊन बायकोशेजारी बसले, मागे सासूबाई. बायकोनं आरसा नीट केला, पट्टा लावला, आणि गल्लीच्या टोकाला शहराकडे न वळता बाहेरच्या मोठ्या रस्त्याकडे वळली. तिथं लागल्यावर जे झालं ते अप्पांना वहीत लिहिता आलं नाही, कारण पेन्सिल मागच्या सीटखाली गेली होती. गाडीनं साठ गाठले. मग सत्तर. झाडं मागे पळत होती. खिडकीतून वारा भणाणत होता, बायकोची एक बट उडत होती, आणि ती गुणगुणत होती! अप्पांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. हातांच्या मधल्या फटीतून त्यांना काटा दिसला. बरोबर मधोमध.

"तू रोज अशी चालवतेस?"

"आईचा व्यायाम तासभर चालतो," बायको समोर बघत म्हणाली. "तेवढ्यात मी त्या टेकडीच्या वळणापर्यंत जाऊन येते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? काही नाही. चालवायला."

बावन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली तेव्हा त्यांनीच कौतुकानं, पण जरा हसत, "मैदानातल्या मैदानात चालव हो" असं सांगितलं होतं. भंगाराचं पत्र आलं त्या दिवशी तिचा आवाज का चढला होता, हे त्यांना आत्ता, सत्तरच्या वेगात उमगलं.

मोठ्या रस्त्यावर रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबवावी लागली. दोन मिनिटांत काटा सरकू लागला. "बघा," बायको म्हणाली, "थांबलं की चढतो. पळतंय तोवर वारा लागतो, ठीक असतं. म्हणून मी सिग्नलचा रस्ताच घेत नाही."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? वरच्या मजल्याला विचारलंत, दातवाल्यांना विचारलंत, पत्र्याच्या खोलीतल्याला लेखी विचारलंत. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा मॅनेजर जिना उतरून आले, एकदा 'नंतर'."

अप्पांच्या वहीत यावर नोंद करण्याजोगा रकाना नव्हता.

सासूबाईंचा व्यायाम आटोपून गाडी थेट मिस्त्रीकडे. यावेळी इंजिन चालू ठेवून. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, काटा वर चढेपर्यंत वाट पाहिली आणि दातातली काडी काढली. "अप्पा, पंखाच फिरत नाहीये."

"कुठला पंखा?"

"रेडिएटरचा. गाडी उभी असली की तोच वारा देतो. मोटार जळालीय."

"मग तीन आठवडे तुम्हाला दिसलं नाही?"

"तुम्ही दर वेळी गाडी बंद करून, ढकलत आणता," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "बंद गाडीत पंखा कोणाचा फिरतो?"

एवढ्या जुन्या गाडीच्या पंख्याची मोटार मागवावी लागणार होती. सोमवारी येईल. तपासणी उद्या, आणि तिथली रांग म्हणजे तासभर उभं राहणं. अप्पांनी कपाळाला हात लावला. तेव्हा मिस्त्रीनं एक उपाय सांगितला : "हीटर पूर्ण सोडा. इंजिनातली उष्णता ओढली जाईल आणि आत येईल."

"आत म्हणजे कुठे?"

"तुमच्याकडे."

चोवीस तारखेला ऊन मी म्हणत होतं. परिवहन कार्यालयाच्या आवारात सावली देणारी एकच वस्तू होती, 'येथे उभे राहू नये' ही पाटी. अप्पांच्या पुढे सतरा गाड्या होत्या. सुकाणूवर बायको, कारण सिग्नल टाळणारा रस्ता तिलाच ठाऊक होता. शेजारी कागदपत्रांची फाइल घेऊन अप्पा. मागे सासूबाई, कारण पुढे व्यायामाची वेळ होती. हीटर पूर्ण सोडलेला. पहिल्या दहा मिनिटांत अप्पांचा सदरा पाठीला चिकटला. वीस मिनिटांत फाइलचा रंग त्यांच्या पॅंटला लागला. खिडक्या उघड्या होत्या, पण बाहेरची हवाही आत यायला बिचकत होती.

"आज पहिल्यांदा या गाडीत बरं वाटतंय," मागून सासूबाई म्हणाल्या. "गुडघे कसे मऊ पडलेत. हे आधी का नाही लावलंत, जावईबापू?"

तासाभरानं तपासनीस आले. उंच, करड्या मिशांचे, हातात फळीला लावलेला छापील तक्ता. दिवे पाहिले, भोंगा वाजवला, वायपर फिरवले, आणि आतली तपासणी करायला सासूबाईंच्या शेजारी बसले. बसताक्षणी दचकले.

"हीटर का चालू आहे?"

अप्पांनी घसा साफ केला. पण त्याआधीच मागून उत्तर आलं, "माझ्या गुडघ्यांसाठी, साहेब. तुमचेही खांदे आखडलेले दिसतात. टेका जरा मागे, बरं वाटेल."

तपासनीसांनी तक्त्यावर बोट फिरवलं. 'हीटर' असा रकाना होता. त्यांनी त्यापुढे 'उत्तम' असं लिहिलं. त्यांच्या नाकावरून एक थेंब त्या शब्दावर पडला.

आता अप्पांचं मन त्यांना खाऊ लागलं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्यांनी अनेकांचे अर्ज माहिती दडवली म्हणून परत पाठवले होते. बायको डोळे वटारत असतानाही ते म्हणाले, "साहेब, प्रामाणिकपणे सांगतो. रेडिएटरचा पंखा बंद आहे. सोमवारी बसतोय."

तपासनीसांनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजू वाचली. "पंख्याचा रकाना कुठे आहे?"

"नाही दिसत," अप्पा म्हणाले.

"मग मी तो लिहू कुठे?"

अप्पांनी मान डोलावली. रकान्यात नाही ते जगात नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"आता मालकांनी मैदानात एक फेरी मारून दाखवायची," तपासनीस घाईघाईनं बाहेर पडत, मिशा पुसत म्हणाले. "परवाना द्या."

अप्पांनी फाइलमधून परवाना काढला. तपासनीसांनी तो उन्हात धरला, जवळ घेतला, लांब धरला. "हा चार महिन्यांपूर्वी संपलाय."

"गाडीची मुदत ना?" अप्पा म्हणाले. "त्यासाठीच तर आलोय."

"गाडीची नाही. तुमची."

फाइलमध्ये गाडीचा विमा होता, नोंदणी होती, धुराचा दाखला होता, बावीस वर्षांच्या दुरुस्तीचे कागद तारखेनुसार लावलेले होते. स्वतःचा कागद उलटून पाहायचं मात्र अप्पांना सुचलं नव्हतं. तपासनीसांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पर्समधून तिचा परवाना काढून दिला. अजून सहा वर्षं बाकी. मग तिनं अप्पांना खाली उतरवलं आणि मैदानात फेरी मारली. ती फेरी इतकी दिमाखात झाली की रांगेतल्या दोन-तीन लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी मागच्या खिडकीतून हात हलवला.

शिक्का पडला. गाडी : लायक. मुदत : पाच वर्षे.

अप्पांसाठी तपासनीसांनी वेगळा अर्ज दिला. या वयात नूतनीकरणाला वैद्यकीय तपासणी लागते. डोळे, कान, रक्तदाब, प्रतिक्षिप्त क्रिया. जवळची तारीख दीड महिन्यानंतरची.

"नालायक ठरलो तर?" अप्पांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला मोडीत काढत नाहीत," तपासनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जिव्हाळा होता. "फक्त चालवू देत नाहीत."

अप्पा गाडीशी परत आले तर पुढच्या सीटवर सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. "मागे जाता का, जावईबापू? इथं गुडघ्यांना थेट लागतंय." अप्पा निमूटपणे मागे बसले. स्वतःच्या नावावर नोंदलेल्या गाडीत ते बावीस वर्षांत पहिल्यांदाच मागे बसले होते. तिथून गाडी अनोळखी दिसत होती, आणि बायकोची मानही फार ताठ दिसत होती.

फाटकाबाहेर पडल्यावर काही वेळानं ते खाकरले. "उद्यापासून मला कार्यालयात सोडशील का?"

"सोडेन की. नऊ पन्नासला खाली या."

"नऊ पन्नासला? कार्यालय दहाचं आहे. मी सव्वानऊला निघायचो."

"मग आता झोपा अर्धा तास जास्त," बायको म्हणाली आणि गिअर बदलला.

अप्पांनी अंतर आठवलं, दहा मिनिटं आठवली, दोन्हींचा भागाकार केला, आणि आलेलं उत्तर पाहून मागच्या सीटचा पट्टा शोधायला सुरुवात केली.